गॅलरीतली ताई

मंगळवारी सकाळी ताई गॅलरीतून नाहीशी झाली.

खरी ताई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती, तिला काही झालं नव्हतं. मी सांगतोय ते माझ्या खेळण्यातल्या रेल्वेच्या गावातल्या ताईबद्दल. उंची पावणेदोन सेंटिमीटर, अंगात निळे कपडे, हातात वाळत घालायची पांढरी चादर. बारा वर्षांपूर्वी मी तिला गॅलरीत उभं केलं, तेव्हापासून ती तीच चादर वाळत घालते आहे.

मी नकाशे काढणारा माणूस. पाणीपुरवठा खात्यात तेहतीस वर्षं जमिनीखालचे नळ कागदावर आखले. निवृत्त व्हायच्या आधीच पुढच्या खोलीत प्लायवूडचा एक आठ बाय चारचा तक्ता टाकला, मग दुसरा, मग तिसरा. त्यावर आमचंच गाव उभं केलं. गॅलरीसकट आमचं घर, आमची गल्ली, कोपऱ्यावरचा दिव्याचा खांब, स्टेशन, फलाट, पलीकडे बोगदा, सगळं एकास सत्त्याऐंशी या मापात. रुळांमधली खडी ताईच्या चाळणीतून तीनदा चाळलेली. शेतातली माती म्हणजे वाळवलेली चहाची पूड. खडीच्या फटींत गोंदाचं पाणी ड्रॉपरने एकेक थेंब सोडायचं, आणि त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, म्हणजे ते नीट आत मुरतं. हे करताना कुणी बोललेलं मला खपत नाही. तिसऱ्या तक्त्याने खिडकी गिळली तेव्हा तिथली ताईची खुर्ची स्वयंपाकघरात गेली. ताई एवढंच म्हणाली, "गाव वाढायचंच."

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ती पंधराची. तिला स्थळं आली, तेव्हा ती प्रत्येकाला सांगायची, "छोट्या अजून लहान आहे." आज ती चौसष्ट वर्षांची आहे, मी अठ्ठावन्नचा, आणि मी अजून छोट्याच आहे. माझं लग्न जमता जमता राहिलं, नंतर तो विषय दोघांनीही काढला नाही.

तर त्या मंगळवारी छोटी ताई सापडली घराच्या जिन्यापाशी. मी निदान केलं, गाडीच्या हादऱ्याने सुटली असणार. पांढऱ्या गोंदाचा थेंब लावून तिला परत गॅलरीत बसवलं. शुक्रवारी पाहतो तर ती दिव्याच्या खांबाखाली! आणि पडलेली नाही, ताठ उभी. हादऱ्याने सुटलेली वस्तू कोपऱ्यापर्यंत जाऊन उभी कशी राहील, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला नाही. मी तिला झटपट आळणाऱ्या गोंदाने पुन्हा गॅलरीत चिकटवलं आणि पाणसळ घेऊन टेबलाचा उतार मोजत बसलो.

पुढच्या बुधवारी ती फलाटावर होती. बाकाच्या बाजूला. त्या बाकावर तपकिरी कोटातला एक गृहस्थ मांडीवर पिशवी घेऊन बसवलेला आहे. पाकिटातून आला तसाच लावला होता, त्याच्याकडे मी कधी धड पाहिलंही नव्हतं.

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी मोठा कागद घेतला, तिन्ही जागा मापाने मांडल्या आणि त्या रेघेने जोडल्या. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली.

"छोट्या, हे काय काढलंस?"

"घसरण."

तिने कागद बराच वेळ पाहिला. मग बोट ठेवून म्हणाली, "ही रेघ कुठे चाललीय ते बघितलंस का?"

"बाकाकडे."

"मग?"

"मग काय? टेबलाचा त्या बाजूचा पाय बुटका आहे. खाली पुठ्ठा घालतो."

ताई हलली नाही. "छोट्या, मला तुझ्याशी जरा—"

"ताई, थांब गं! गोंद कालवलाय, आता आळेल."

हा गोंद दोन नळ्यांचा. दोन्हींतला सारखा सारखा घेऊन कालवायचा आणि पाच मिनिटांत काम उरकायचं, नंतर त्याचा दगड होतो. मी तिच्यादेखत छोटीला उचललं, तळव्यांना भरपूर गोंद फासला आणि गॅलरीत दाबून धरलं. वर म्हणालो, "आता जाते कुठे बघतो!" ताई चहा ठेवून निघून गेली. मला वाटलं, चहा गार होतोय म्हणून रागावली.

आता घड्याळवाल्यांबद्दल सांगायला हवं. स्टेशनसमोर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. वय सहासष्ट, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, बोलणं मोजकं. इंजिनाची मोटर एवढीशी असते, ती घड्याळवाल्याच्याच हाताला झेपते. गेले काही महिने माझं इंजिन दर आठवड्याला बंद पडायचं आणि ते बिचारे दर रविवारी घरी येऊन ते चालू करून द्यायचे. चहा पिऊन, ताईशी चार शब्द बोलून जायचे. पैसे घ्यायचे नाहीत. मला वाटायचं, काय हा माणूस, रेल्वेचा किती नाद!

त्या रविवारीही ते आले. इंजिन उघडण्याआधी त्यांनी गॅलरीकडे पाहिलं.

"पक्कं चिकटवलंत?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोन नळ्यांचा गोंद!" मी छाती फुगवून सांगितलं. "आता भूकंप झाला तरी ती या घरातून हलायची नाही."

स्वयंपाकघरात कप फुटल्याचा आवाज झाला. घड्याळवाल्यांनी इंजिनाची तार जोडली, झाकण लावलं आणि चहा न घेता गेले. त्यानंतर महिनाभर इंजिन एकदाही बंद पडलं नाही. छोटीही जागची हलली नाही. मी खूश. ताई मात्र गप्प गप्प असायची. विचारलं तर म्हणायची, "पाय दुखतात."

चार रविवार कोरडे गेले आणि मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं. शेवटी धडधाकट इंजिन खिशात घालून मी घड्याळवाल्यांच्या दुकानात गेलो. म्हटलं, काहीतरी खोट काढू आणि गप्पा मारू.

दारातच थबकलो. भिंतीवर एकही घड्याळ नव्हतं. जिथे जिथे घड्याळं होती, तिथे रंगाचे फिके गोल तेवढे दिसत होते. घड्याळवाले खाली बसून एक लंबक जुन्या कापडात गुंडाळत होते.

"हे काय?" मी विचारलं.

"मुलीकडे निघालोय. उद्या दुपारची गाडी. आता तिथेच राहीन."

"असं अचानक?"

त्यांनी लंबक खोक्यात ठेवला. "तुम्ही नाही म्हणालात. त्यानंतर इथे राहून रोज समोरासमोर येणं बरं दिसत नाही."

"मी? मी कशाला नाही म्हणालो?"

"लग्नाला."

"कुणाच्या?"

ते माझ्याकडे पाहतच राहिले. चेष्टा करतोय की काय, असं त्यांना वाटलं असावं. "तुमच्या ताईंच्या. आणि माझ्या."

मी जवळच्या खोक्यावर बसलो. खोक्यात कुठलं तरी गजराचं घड्याळ होतं, ते माझ्या वजनाने वाजायला लागलं. दोघांनाही उठून ते बंद करायचं सुचलं नाही.

"ताईंना तोंडाने सांगायचा धीर होत नव्हता," ते त्या आवाजातच बोलत राहिले. "दोनतीनदा त्यांनी बोलायचा प्रयत्न केला, तुम्ही म्हणालात गोंद सुकतोय. मग त्या म्हणाल्या, छोट्याला त्याच्या भाषेत सांगते. त्यांनी ती बाहुली जिन्यापाशी ठेवली. तुम्ही परत गॅलरीत नेलीत. कोपऱ्यावर ठेवली, तुम्ही परत नेलीत. तेव्हाचा गोंद सोडवायला मीच त्यांना द्रावण दिलं होतं. शेवटी माझ्या शेजारी आणून ठेवली, तर तुम्ही दोन नळ्यांचा गोंद लावलात. माझ्यादेखत सांगितलंत, ती या घरातून हलणार नाही म्हणून. यापेक्षा स्पष्ट नकार काय असतो?"

"तुमच्या शेजारी?" असं मी विचारणार होतो. तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या अंगावरच्या तपकिरी कोटाकडे गेलं. आठ महिने हा माणूस तोच कोट घालून माझ्या घरात येत होता, मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन बसत होता.

"अहो, मला कळलंच नाही!" मी ओरडलो.

"मीही ताईंना तेच म्हटलं, कदाचित कळलं नसेल. त्या म्हणाल्या, तो इतका मूर्ख नाही."

"आहे! तेवढा मूर्ख आहे मी!"

घड्याळाचा गजर आपोआप थांबला. मी खिशातलं इंजिन काढून त्यांच्यापुढे धरलं. दुसरं काय करावं ते कळत नव्हतं.

"ते कधी बिघडलंच नव्हतं," ते म्हणाले. "ताई दर शनिवारी तार सैल करायच्या. मी रविवारी घट्ट करायचो."

घरी कसा पोचलो ते आठवत नाही. दिव्याच्या खांबाला धडकलो एवढं आठवतं. माझी ताई, भाजीवाल्याकडून सुट्टे पैसे जास्त आले तर परत द्यायला जाणारी, आठ महिने माझ्या इंजिनाच्या तारा सोडत होती! आणि मी बसलो होतो घसरण मोजत. मला माझीच इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती.

पुढच्या खोलीत जाऊन मी पातळ पातं घेतलं आणि छोटीच्या तळव्याखाली सरकवायला लागलो. सरकेना. द्रावण लावून पाहिलं, गरम पाण्याचा थेंब सोडून पाहिला. माझं काम पक्कं असतं. जरा जोर लावला आणि कट्‌ असा बारीकसा आवाज आला. छोटी ताई माझ्या चिमट्यात आली. तिचे दोन्ही पाय घोट्यापासून गॅलरीतच राहिले.

"काय करतोयस?" दारातून ताईने विचारलं.

"ताई, मी नाही म्हणालो नव्हतो. मला काही कळलंच नव्हतं गं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. मला वाटलं, टेबल वाकडं आहे."

ताई मटकन स्टुलावर बसली. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, आता ही रडणार. ती हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "आणि मी रोज विचार करतेय, हा मनात किती राग धरून बसलाय! अरे, पुठ्ठा घातलास तू, पुठ्ठा!" मग हळूहळू तिचं हसू थांबलं. तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"आणि आता कळलंय तर?"

खरा धक्का मला तेव्हा बसला. कारण माझ्या तोंडून लगेच "हो" आलं नाही. मनात आलं ते असं, की मग सकाळी भांडी कोण वाजवणार? मला छोट्या कोण म्हणणार? एवढ्या मोठ्या घरात मी आणि तीन तक्ते. एकोणपन्नास वर्षं जी बाई माझ्यासाठी थांबली, तिला मी अजून थांबवू पाहत होतो, आणि तेही सगळं कळून. न कळता केलेला मूर्खपणा परवडला.

ताई वाट पाहत होती. मी छोटीला फलाटावर नेलं. पाय नसल्यामुळे ती उभी राहीना, म्हणून तिला तपकिरी कोटाच्या शेजारी बाकावर टेकवलं. चादर तिच्या मांडीवर आली. सवयीने माझा हात गोंदाच्या नळीकडे गेला. टोपण उघडलं, आणि परत लावून टाकलं.

"उद्या दुपारची गाडी आहे त्यांची," मी म्हणालो. "आत्ता खोकी भरतायत. जाऊन सांग, म्हणावं, घड्याळं परत टांगा. छोट्या आता मोठा झालाय."

ताईने माझ्या डोक्यावर एक टपली मारली. चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून गेली. पाय दुखणारी बाई इतक्या भराभरा उतरताना मी ऐकली नव्हती.

मी खिडकीकडे धावलो. बारा वर्षांत त्या खिडकीतून मी बाहेर पाहिलं नव्हतं. पाहायचं तर अख्ख्या गावावर ओणवं व्हावं लागतं. झालो. कोपराखाली बोगदा चेपला, दोन झाडं मोडली. खाली ताई जिन्यापाशी दिसली. मग दिव्याच्या खांबाखाली. मग ती रस्ता ओलांडून थेट स्टेशनच्या दिशेने निघाली, मी कागदावर मारलेल्या रेघेवरून तंतोतंत. मागे वळून तिने एकदाही पाहिलं नाही.

माझ्या नाकाखाली गॅलरीत तिचे दोन पाय होते. ते मी अजून खरवडलेले नाहीत.