पळणारा हीरो

घाऊक व्यापाऱ्याने दोन डाव खेळून रिमोट टेबलावर ठेवला आणि कीव आल्यासारखं शेठकडे पाहिलं.

"शेठ, हा नकली आहे."

शेठला हसावं की रडावं कळेना. परदेशी कंपनीच्या व्हिडिओ गेमची बिनदिक्कत नक्कल करून विकण्यात ज्याची हयात गेली, त्याला त्याच्याच कारखान्यात हे कुणी ऐकवावं? डबा तोच, बटणं तीच, नावातसुद्धा फक्त एका अक्षराचा फरक. आणि या खेपेला तर आतली सर्किटं तयार मागवली होती, मूळ यंत्राशी तंतोतंत जुळणारी.

"अहो, आजवरचा सगळ्यात खरा माल आहे हा," शेठ म्हणाला. "मूळ यंत्र शेजारी लावून दाखवू?"

"मूळ कुणी बघितलंय? लोक लहानपणी तुमचा खेळलेत. त्यात हीरो कसा पळायचा! हा बघा, जेवून शतपावली करतोय. गिऱ्हाईक माझ्या दुकानात येऊन भांडेल. जुन्यासारखा द्या, सगळा माल उचलतो. हा राहू द्या तुमच्याकडेच."

तो गेला. शेठ नव्या खोक्यांच्या थप्पीकडे बघत राहिला. होतं नव्हतं ते सगळं त्याने या मालात घातलं होतं. तो पडून राहिला तर कारखान्याला कुलूप.

हीरो पळायचा तो ताईमुळे. ताई म्हणजे शेठची थोरली बहीण. पहिला डबा दोघांनी मिळून जोडला, तेव्हा सोल्डरिंग तिनेच केलं. आत गेमचा वेग ठरवणारे ठोके देणारा एक छोटा भाग असतो, क्रिस्टल. हवा तो बाजारात मिळेना, म्हणून तिने हाताला लागला तो बसवला, आणि टीव्हीवर चित्र फाटू नये म्हणून आजूबाजूला बऱ्याच खटपटी केल्या. गेम चालला, पण जरा जोरात. शेठने हे तिला कधी विसरू दिलं नाही. "हिला नक्कलसुद्धा धड येत नाही," असं तो पाहुण्यांसमोरही खुशाल म्हणायचा. तयार सर्किटं आली त्याच दिवशी त्याने तिला टेबलावरून उठवून पॅकिंगला बसवलं.

आत्ताही ती पलीकडे खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. मधली भिंत प्लायवुडची, दार उघडंच. सगळं ऐकलंय हे तिच्या तोंडावर लख्ख दिसत होतं, आणि ती ते लपवतही नव्हती.

शेठ तिच्यासमोर येऊन उभा राहिला. एक खोकं उचललं, परत ठेवलं.

"यात तसं करता येईल का गं?"

"न यायला काय झालं? हात शाबूत आहेत माझे."

"मग उद्यापासून..." शेठ अडखळला. उभ्या जन्मात त्याने कुणाचं काही विचारून घेतलं नव्हतं. एवढी मोठी ती कंपनी, तिला साधी चिठ्ठी टाकली नव्हती कधी.

"ताई, तुझं ते वापरू का मी?"

"माझं काय?"

"ते... तू शोधलेलं."

ताईने मान वर करून भावाकडे नीट बघून घेतलं. मग नुकतीच लावलेली चिकटपट्टी एका झटक्यात उपटली.

"विचार करून सांगते," ती म्हणाली. "तोवर ही खोकी उघडायला घे."

शेठ मुकाट्याने तिच्या शेजारी खाली बसला.