काउंटरखालचे झाकण

चौदा मार्चला, दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी, एका आत्याबाईंनी तीन हॉटेलांमधून एक हॉटेल निवडले. मित्रांनो, त्या निवडीचा मी साक्षीदार आहे. त्या क्षणी मला एक शब्दही बोलता आला नाही, याची चीड माझ्या ओतीव लोखंडात अजून शिल्लक आहे.

मी पंप आहे. एका नऊमजली हॉटेलच्या गच्चीवर तरणतलाव आहे, त्याच्या काठाने लाकडी फळ्यांचा ओटा आहे आणि त्या ओट्याखालच्या कंबरभर खोल कप्प्यात माझा मुक्काम आहे. तलावातले पाणी ओढायचे, गाळणीतून न्यायचे आणि स्वच्छ करून परत सोडायचे, एवढेच माझे काम. मला डोळे नाहीत. परंतु फळ्यांमधून झिरपणारा आवाज आणि पावलांची थरथर यांवरून वर काय चालले आहे ते मला नेमके समजते.

हॉटेलच्या मालकीणबाई परगावी राहतात. कारभार त्यांचे भाऊ पाहतात. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांना फोनवर बोलताना दोन्ही हात हलवावे लागतात; म्हणून ते गच्चीवर येऊन, बारच्या काउंटरवर फोन ठेवून, स्पीकर लावून बोलतात. तो काउंटर बरोबर माझ्या डोक्यावर आहे. त्या दुपारी फोनमधून एक खणखणीत आवाज आला.

"गच्चीवर स्विमिंग पूल आहे ना? फोटोत दिसतोय."

"आहे की! अख्ख्या शहरात असा पूल नाही, बाई."

"उतरायला शिडी आहे की पायऱ्या?"

"पायऱ्या. चांगल्या रुंद."

"धरायला कठडा?"

"दोन्ही बाजूंनी."

"लिफ्ट थेट गच्चीपर्यंत येते? की शेवटचा मजला चढायचा?"

"थेट येते."

मागून एक तरुण आवाज कुजबुजला, "आत्या, बार आहे का तेही विचार ना."

"तू गप रे. पाण्यात माझा गुडघा उतरणार आहे, तुझा घसा नव्हे."

"बारही आहे, साहेब!" मामांना ते बरोबर ऐकू गेले. "पुलाच्या अगदी काठावर!"

"मग हेच ठरलं," आत्याबाई म्हणाल्या. "एकाला नुसती सरळ शिडी आहे, दुसऱ्याला शेवटी दोन जिने चढायचेत. दोन्ही बाद."

मित्रांनो, मामांचे प्रत्येक उत्तर खरे होते, हेच तर दुखणे आहे. पायऱ्या होत्या, त्यांवर फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या होत्या. कठडा होता; त्याला रंगीत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या. तलावात पाणी होते. ते शेवाळाने हिरवे झाले होते आणि भोवती दोरी बांधली होती. संध्याकाळी निळा दिवा लावला की वरून सगळे झकास दिसे. पाणी फिरते का, एवढा एकच प्रश्न आत्याबाईंनी विचारला नाही. विचारणार तरी कशाला? तलाव म्हटला की पाणी फिरतेच, असे कोणताही शहाणा माणूस गृहीत धरतो. आणि मी तर अकरा महिने बंद पडून होतो.

मी नेहमीच असा नव्हतो. कारखान्यात वितळलेले लोखंड साच्यात ओतून माझे अंग घडवले, आत पितळेचा पंखा बसवला आणि पूर्ण दाबाखाली चाचणी घेऊन मला पास केले. मला या गच्चीवर आणले ते फिटरकाकांनी. त्यांनी पाणसळ लावून माझी बैठक सपाट केली, मोटर आणि पंखा एका रेषेत आहेत ना ते दोनदा तपासले आणि मला म्हणाले, "तुझं पोट मी साफ ठेवीन. बाकीचं तू बघ." माझे पोट म्हणजे तोंडाशी असलेली जाळीची टोपली. पाण्यातला कचरा तिथे अडतो. फिटरकाका दर सोमवारी सकाळी झाकण उघडत, टोपली काढत, झटकत, धुऊन परत बसवत. त्या काळात तलावाच्या तळाची एकेक फरशी वरून मोजता येत असे. पाहुणे म्हणत, "वा, काय पाणी आहे!" माझे नाव कोणी घेत नसे. मला त्याचे वाईट वाटले नाही. स्वच्छ पाण्याची स्तुती ती माझीच स्तुती, असे मी मानीत असे. हॉटेलच्या जाहिरातीत आजही झळकतो तो फोटो त्याच काळातला आहे.

फिटरकाका निवृत्त झाले आणि मामांच्या डोक्यात बार आला. काउंटर कुठे बसवायचा? शहराचे दिवे जिथून सर्वांत छान दिसतात तिथे. ती जागा नेमकी माझ्या झाकणावर होती. सुताराने हातोडी थांबवून विचारलेदेखील, "मामा, इथं खाली झाकण आहे. पुढं उघडायचं कसं?"

मामा म्हणाले, "अरे, आठवड्यातून एकदाच तर उघडतात! त्यासाठी जागा का अडवायची?"

या वाक्यावर मी आजवर पुष्कळ विचार केला आहे. त्यात मला तर्काचा धागा सापडलेला नाही. काउंटर आठ बोल्टांनी ओट्याला जखडला गेला आणि माझे सोमवार संपले.

त्यानंतर माझ्या पोटात काय काय गेले म्हणून सांगू! लिंबाच्या चकत्या, पेय ओढायच्या नळकांड्या, पेल्यात खोचायच्या कागदी छत्र्या. टोपली तुंबली. पाणी येईना, मी आ वासून ओढत राहिलो, धडधडू लागलो. माझ्या धडधडीने काउंटरवरचे पेले किणकिणू लागले. त्यावर मामांनी गाण्यांचा आवाज वाढवला. तरी किणकिण ऐकू येते म्हटल्यावर मला संध्याकाळी बंद ठेवू लागले, मग दुपारीही, आणि शेवटी कायमचेच. वर शेरा काय? "पंप बिघडलाय." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

सतरा मार्चला आत्याबाई आल्या. लिफ्टचे दार उघडले आणि फळ्यांवर पाऊल, टक, पाऊल, टक, अशी चाल उमटली. काठी होती. आत्याबाई शाळेत तीस वर्षे कवायत शिकवत असत, हे मला पुढे समजले. आवाजावरून मात्र तेव्हाच अंदाज आला होता. काठी दोरीपाशी थांबली.

"हे काय आहे?"

"पूल," मामा म्हणाले.

"हा पूल? ह्यात बेडूक उतरायचा झाला तर आधी डॉक्टरला विचारेल!"

"सध्या जरा मेन्टेनन्स चाललाय हो."

"कोण करतंय? मला तर कुणी दिसत नाही."

फोनवर कुजबुजणारा त्यांचा भाचा खजील झाला होता. "आत्या, चल, दुसरीकडे बघू या."

"कुठं? सरळ शिडीवरून उतरू, की दोन जिने चढून जाऊ?" त्या कुंडीशेजारच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांचा आवाज प्रथमच खाली आला. "एकतीस तारखेला डॉक्टर माझा आखडलेला गुडघा मोजणार आहेत, बाळा. नव्वद अंशांपर्यंत वाकला तर ठीक. नाही तर भूल देऊन ते स्वतः वाकवणार. आज अठ्ठ्याहत्तर आहे. जमिनीवर सगळा भार त्यावर येतो, मला धीर होत नाही. पाण्यात होईल. आयुष्यभर मी पोरांना वाकायला शिकवलं. माझा गुडघा मी जागी असतानाच वाकणार."

माझ्यावर कोणाचा इतका भरवसा आहे, हे मी फार दिवसांनी ऐकत होतो. मोटरला वीज नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंच्या हट्टामुळे एक पंप दुरुस्त करणारी मुलगी आली. तिने हत्यारांची पिशवी ओट्यावर आपटली. "झाकण कुठंय?"

बारवाल्याने पायाच्या अंगठ्याने काउंटरखालच्या फळीवर टकटक केली.

"ह्याच्याखाली? कुणी बसवला हा इथं?"

मग मामा खाकरले. "जुना पंप जाऊ दे. नवाच बसवा."

"बसवते. पण नवा पंपही ह्याच भोकातून आत जाणार ना, मामा?"

बारवाला खोकल्याच्या निमित्ताने हसला. मामांनी तोडगा काढला तो असा: "महिनाअखेरीला मोठी पार्टी आहे. तेवढी होऊ द्या. मग काउंटर हलवू."

"महिनाअखेरीलाच माझा गुडघा मोजणार आहेत," आत्याबाई म्हणाल्या.

"मग एप्रिलमध्ये निवांत पोहा की!"

आत्याबाईंनी वाद घातला नाही. त्या संध्याकाळी बार सुरू झाला तेव्हा त्यांची खुर्ची काउंटरच्या बरोबर समोर होती. काठी त्यांनी काउंटरला टेकवली, पाय लांब केला आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम सुरू केला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात.

"टाच मागे! धरा! आई गं... धरा! सोडा!"

उंच स्टुलांवरची मंडळी चपापली. दोघातिघांनी नकळत आपल्याही टाचा मागे घेतल्या, हे मला थरथरीवरून कळले.

"आत्या, हळू ना," भाचा कळवळला. "सगळे बघतायत."

"बघू देत. तुलाच बार हवा होता ना? बस आता."

मामा धावत आले. "आत्याबाई, लोक इथं मजा करायला येतात हो."

"मग करू देत की! मी कुठं अडवलंय? टाच मागे!"

एका पाहुण्याने भीत भीत विचारले, "आजी, व्यायाम पुलात नाही का करत?"

"पूल कसा चालणार, बाबा? तुम्ही सगळे त्याच्या घशावर बसलायत."

मग झाकणाची कथा त्यांनी सविस्तर सांगितली. दुसऱ्या संध्याकाळी ती नव्या पाहुण्यांना सांगितली. तिसऱ्या संध्याकाळी सांगावी लागली नाही, पाहुणेच एकमेकांना सांगू लागले, पेला हातात घेऊन खाली वाकून फटीतून माझ्याकडे डोकावू लागले आणि मामांना विचारू लागले, "मामा, काढताय ना हो काउंटर?" अर्धी स्टुले रिकामी आणि उरलेल्या अर्ध्यांवर कवायत! मामांनी कपाळाला हात लावला. "उद्या सकाळी काढा रे बाबांनो. पण एकतीसला मला तो जागच्या जागी हवा."

एकवीस तारखेला काउंटर सरकला. बोल्ट गंजले होते. भाचा आणि बारवाला यांनी घाम गाळून ते सोडवले. झाकण उघडले आणि उन्हाची तिरीप माझ्या अंगावर पडली. त्या मुलीने टोपली बाहेर काढली, उलटी केली, आणि ओट्यावर लिंबे, नळकांड्या आणि छत्र्यांचा ढीग पडला.

"पंप ठणठणीत आहे," ती म्हणाली. "ह्याला गुदमरवलंय नुसतं. पाणी अडवणारं सील मात्र सुकलंय. आता चालेल, महिनाभरात बदलून घ्या."

"बघू," मामा म्हणाले.

हिरवे पाणी उपसले, तळ घासला, नवे पाणी भरले. सुरू करण्यापूर्वी तिने मला आधी पाणी पाजले, कारण कोरडा पंप चालवू नये. एवढी साधी विचारपूस फिटरकाका निवृत्त झाल्यापासून माझी कोणी केली नव्हती. मग बटण दाबले. मी पहिल्यांदा कुरकुरलो, दुसऱ्यांदा गुरगुरलो आणि तिसऱ्यांदा पाणी धरले.

चोवीस तारखेच्या सकाळी कुंड्या उचलल्या गेल्या आणि आत्याबाई कठडा धरून एकेक पायरी उतरल्या. पाण्यातली हालचाल माझ्यापर्यंत नळातून येते. मी कान देऊन होतो. पाऊल आले. पुढचे पाऊल आले. मधली टक आली नाही. त्या तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या, तिथे जाऊन "हुश्श" म्हणाल्या आणि वळून पुन्हा निघाल्या. पुढचे सगळे दिवस त्या सकाळी आणि दुपारी पाण्यात होत्या. माझे सील थेंब थेंब गळत होते. तरी मी थांबलो नाही.

आता तुम्हाला वाटेल की शेवट गोड झाला. गरज सरो, वैद्य मरो! तीस तारखेच्या दुपारी, आत्याबाई पाण्यातून बाहेर आल्या नाहीत तोच, काउंटर परत आणला गेला. पंपवाल्या मुलीने सुचवलेली दुसरी जागा मामांना पसंत पडली नाही. तिथून म्हणे दिवे तिरके दिसतात. झाकण बंद झाले. पुन्हा तोच अंधार, तोच लिंबाचा वास.

"बोल्ट आण रे," मामा वरून ओरडले.

"सापडत नाहीत, मामा," बारवाला म्हणाला. "सगळीकडे शोधले. राहू द्या, काउंटर तसाही जड आहे. दोघांनी ढकलल्याशिवाय हलायचा नाही."

मामा पुटपुटत निघून गेले. ते बोल्ट कुठे आहेत हे मला ठाऊक आहे. झाकण लावण्यापूर्वी बारवाल्याने ते एकेक करून माझ्या शेजारी टाकले होते. आठही इथेच पडले आहेत.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, प्रवासाला जाल, हॉटेल निवडाल. पाण्यावरचे दिवे जरूर पाहा. पण फोनवर एक प्रश्न अवश्य विचारा: झाकण शेवटचे कधी उघडले होते? आणि तुमच्या हाती कधी काही बांधायचे काम आले, तर ज्या वस्तूवर सगळे चालते तिच्यापर्यंत हात पोहोचेल एवढी वाट ठेवा. आमची मागणी याहून मोठी नाही.

राहिला निकाल. एकतीस मार्चला, पार्टीची मांडामांड चालू असताना, आत्याबाई डॉक्टरांकडून थेट गच्चीवर आल्या. बारवाल्याने हातातले पेले खाली ठेवले आणि विचारले, "किती?" त्यांनी खुर्ची ओढली, काठी भाच्याकडे दिली, टाच मागे घेतली आणि आकडा सांगितला.

एक्क्याण्णव अंश.