नव्या सॉकेटची चाचणी

प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा कूलर उचलला तेव्हा त्याच्या तळाशी काहीतरी चमकले. चाचणीप्रमुखांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिले. पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा होता आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिले होते : बसवण्यापूर्वी काढा.

कूलर त्यांनी स्वतः बसवला होता.

दारात शिपाई हातगाडी घेऊन उभा होता. समोरचे उघडलेले यंत्र भंगारात जायचे होते. प्रयोगशाळेतल्या दोन यंत्रांचे बारसे त्यानेच केले होते : जुन्या सॉकेटची सासू, नव्या सॉकेटची सून. सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची खाच. ती बदलली की अख्खा मदरबोर्ड बदलावा लागतो, म्हणून संस्थेने आधी तुलना मागितली होती. गणित एकच, ते कोण लवकर सोडवते आणि किती विजेत, एवढाच प्रश्न. सून जिंकली तरच पुराचा अंदाज वर्तवणारा गट टिकणार होता. सासूच्या चालीने अंदाज हाती येईपर्यंत पूर ओसरून गेला असता.

सून हरली. आधी धावली, मग तापली, आणि तापली तशी मंदावली. क्षणाक्षणाला वीज कमी खाल्ली खरी, पण काम इतके लांबले की एकूण वीज सासूपेक्षा जास्तच लागली.

गटाची प्रमुख त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. अहवाल पाठवण्यापूर्वी ती आली आणि कूलर एकदा उघडून पाहू, असे सुचवू लागली. ही पिढी तापतेच, तसे उत्पादकच सांगतो, असे म्हणून त्यांनी तिला वाटेला लावू पाहिले. ती जागची हलली नाही.

"सर, निष्कर्षाआधी उपकरण तपासा, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"अगं, निष्कर्ष आवडला नाही की उपकरण उघडा, असं मात्र शिकवलं नव्हतं."

खोलीतले सगळे हसले. तीही हसली, इतरांपेक्षा जरा उशिरा.

गट बंद झाला. हल्ली ती कुठल्याशा शिकवणीत मुलांना अपूर्णांक शिकवते, एवढे शिपायाकडून कानावर आले होते.

त्यांनी शिपायाला थोडे फिरून यायला सांगितले. पापुद्रा सोलला, तळ पुसला, उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावून कूलर बसवला आणि तेच गणित सुरू केले. तापमानाची रेघ थोडी चढली आणि आडवी झाली. सासूच्या निम्म्याहून कमी वेळात गणित सुटले. विजेचा आकडाही खालीच राहिला. एका निरीक्षणावर विसंबू नये, हेही ते शिकवत असत. चाचणी पुन्हा लावली. फरक पडला नाही.

शिपाई परतला तेव्हा पंखा फिरत होता.

"सर, सूनबाई बोलायला लागल्या की. काय म्हणतात?"

त्यांनी स्विच बंद केला. "काही नाही. घेऊन जा."

हातगाडीचा खडखडाट वळणाआड गेला. टेबलावरचा पापुद्रा चिमटीत धरून त्यांनी कचऱ्याच्या टोपलीवर बोटे झटकली. तो अंगठ्यावरून तर्जनीवर गेला. पुन्हा झटकली. तर्जनीवरून अंगठ्यावर आला.