अर्धंच वाचलेलं परीक्षण

मित्रांनो, मी एक जुनी बास गिटार आहे. चार जाड तारा, लांब मान, चॉकलेटी अंग आणि वजन म्हणाल तर विचारूच नका. तुम्ही मला नक्की ऐकलं असेल, पण ओळखलं नसेल. गाणं रंगात आलं की छातीत धुम् धुम् होतं ना, ती मी. टाळ्या मात्र गाणाऱ्या बाईंना आणि शिट्ट्या ऑक्टोपॅडवाल्याला! मी काही मनाला लावून घेत नाही. म्हणजे, फारसं नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला कापलं, घासलं, रंगवलं आणि मानेच्या आत एक लोखंडी सळई बसवली. तारांच्या ओढीने मान वाकू नये म्हणून ती सळई. तिचं टोक माझ्या डोक्यापाशी एका छोट्या काळ्या पट्टीखाली झाकलेलं आहे. हे एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्या पट्टीमुळेच घडलं.

मला पहिल्यांदा हौसेने घरी नेलं ते अमरावतीच्या केशवरावांनी. ते शाळेत चित्रकला शिकवायचे आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. पुढे त्यांची बोटं आखडली. तेव्हा त्यांनी मला अकोल्याच्या शाकीबच्या हाती दिलं. "पोरगी देऊन राहिलो तुले. जप," एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले. मलाही तेव्हा भरून आलं होतं.

शाकीबचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान. पण जीव सगळा माझ्यात. मित्रांनो, काय दिवस होते ते! गणपतीत आरत्या, भीमजयंतीला भीमगीतं, उर्साला कव्वाल्या, लग्नसराईत तर बसायला फुरसत नाही. अकोल्याहून अमरावतीला निघालो की एस.टी.त शाकीब मला खिडकीची जागा द्यायचा आणि स्वतः बडनेऱ्यापर्यंत उभा राहायचा. कंडक्टर विचारायचा, "ह्या बाईचं तिकीट?" सगळी बस हसायची.

आणि लाड तर किती! दसऱ्याला वाद्यांची पूजा असते. आमच्या गायिका ललिताताई मला हळदीकुंकू लावायच्या, वर झेंडूची माळ. कुठल्याही कार्यक्रमाआधी पुन्हा एक बोट कुंकू. ऑक्टोपॅडवाल्या धर्मपालने माझ्या पोटावर निळं अशोकचक्र चिकटवलं. शाकीबची थोरली बहीण नईमा आपा, तिने दृष्ट लागू नये म्हणून काळा धागा बांधला. एवढा मान एका अंगावर मावत नव्हता. कुंकवावर कुंकू चढत गेलं, झेंडूच्या पाकळ्या तारांखाली चुरत गेल्या, मांडवातली धूळ वर बसली. माझा आवाज खरखरू लागला. तिसरी तार दाबली की पत्र्यावर खडा घासल्यासारखी करकर.

"तिचा आवाजच तसा हाये, गावरान," शाकीब कौतुकाने म्हणायचा. मी काय बोलणार?

अशात एक दिवस आमच्या ऑर्केस्ट्राच्या ग्रुपवर मालक अश्विनने एक फोटो टाकला. वाद्यांच्या मासिकातलं पान होतं, आणि त्यावर चक्क माझा फोटो! म्हणजे माझ्याच जातीच्या गिटारचा. वर मोठ्या अक्षरात वापरलेल्या जुन्या गिटारचं परीक्षण: 'वजनाला जड. मान पुढे झुकते. आवाज खरखरीत. मंद्र सूर गढूळ.' फोटो तिथेच संपत होता. खाली अश्विनने लिहिलं, 'मोर्शीचा कार्यक्रम मोठा हाये. हिले बदलू. नव्या गिटारचं बोलून ठेवलं, बदल्यात हिले द्या लागते. शनिवारी न्यायले येतो.'

शाकीबने ते वाचलं आणि फोन उलटा ठेवला. मला भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं, पण वाजवलं नाही. मी खरं सांगते, मी इतकी कधीच भ्याले नव्हते.

शनिवारी दुपारी शाकीबच्या माडीवर जत्रा भरली. केशवराव पंचाहत्तरीचे, तरी अमरावतीहून एस.टी.ने आले आणि दारातूनच गरजले, "कोण हाये बे तो लिहिणारा? त्यानं कधी मांडवात वाजवलं का?"

"जड म्हणते!" धर्मपाल उसळला. "अबे, बास हाये का बासरी?"

"गढूळ सूर म्हणे. मी इतके वर्ष ह्या सुरावर गाऊन राहिली, तं मी काय गढूळ गाते का?" ललिताताईंचं नाक लाल झालं होतं.

"बराबर हाये ताई. तिचा आवाज म्हणजे मध," केशवराव म्हणाले.

"मध नाई काका, मध पातळ असते. ढोल म्हणा, ढोल," धर्मपाल म्हणाला.

"ढोल? ऑक्टोपॅड बडवून तुह्ये कान गेले!"

झालं! मासिक राहिलं बाजूला आणि माझा आवाज मधासारखा की ढोलासारखा यावरून दोघांची जुंपली. माझ्यासाठी माणसं भांडत होती, मित्रांनो. भीती वाटत होती, तरी मला आतून गुदगुल्या होत होत्या.

एवढ्यात अश्विन आला. काखेत मासिक, खांद्यावर माझ्या मापाची रिकामी पिशवी. ती पिशवी पाहून मध आणि ढोलाचं भांडण तिथेच थांबलं.

"शाकीबभाई, राग नका धरू," तो हळूच म्हणाला. "मागच्या वेळी लोकायनं विचारलं, स्पीकर फाटला का म्हणून. मले का ती आवडत नाई?"

शाकीबने मला पोटाशी धरलं. "मंग मलेही बदल. हिच्याबिगर मी नाई येत मोर्शीले."

"असं नका बोलू राजेहो..." अश्विनचा चेहरा पडला. ऑर्केस्ट्रा आता मोडतो की काय, अशी वेळ आली.

नईमा आपा चहा घेऊन वर आली होती. ती उर्दू शाळेत शिकवते आणि छापलेलं काही दिसलं की शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सोडत नाही. तिने ट्रे खाली ठेवला, अश्विनच्या काखेतून मासिक ओढलं आणि पान उलटलं.

"हे कोणी वाचलं का नाई?"

धर्मपालने अश्विनकडे पाहिलं, अश्विनने शाकीबकडे.

"काहून वाचाल! अर्ध्यातच आग लागली ना सगळ्यायले." आणि ती वर्गात वाचते तशी खणखणीत वाचू लागली. "'वजन सोडल्यास हे दोष बहुधा गिटारचे नसतात, मालकाचे असतात. मळक्या तारा आणि न तपासलेली मान यामुळे आवाज बिघडतो. डोक्याजवळची पट्टी उघडून आतली सळई अगदी किंचित आवळा, तारा स्वच्छ करा. मग हिच्यासारखा गोड आवाज शोधून सापडणार नाही.'"

सगळे माझ्या डोक्याकडे वाकले.

"थे पट्टी?" केशवराव पुटपुटले. "मले वाटे, कंपनीनं शोभेले लावली."

"मी त्याच्यावरच कुंकू लावत होती," ललिताताई म्हणाल्या.

शाकीब माझ्याकडे पाहत होता. दुसऱ्यांच्या मोटारी रोज उघडून साफ करणारा माणूस तो! "मी हिले एकडाव पुसलंही नाई, आपा," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरले.

"तं आता पुस. रडतं कायले?"

मग काय विचारता! अश्विनने पिशवी खाली टाकली. तारा निघाल्या आणि आपाच्या पातेल्यात उकळायला गेल्या. पाणी असं काही झालं की आपा किंचाळली, "या पातेल्यात आता चहा होत नाई, नवं आणून द्या!" पट्टीवरचं कुंकू दगडासारखं झालं होतं, ते ललिताताईंनी ओल्या फडक्याने हळूहळू सोडवलं. चक्र आणि धागा मात्र आपाने तसेच ठेवले. तारा चढल्या, शाकीबने दुकानातली वाकडी किल्ली सळईला लावली आणि सगळे एकदम ओरडले, "हळू!" त्याने हात किंचित फिरवला. माझ्या मानेत कळ आली, आणि मग किती वर्षांनी मी सरळ उभी राहिले.

शाकीबने तिसरी तार छेडली.

करकर नव्हती. खोल, भरलेला, गोल सूर निघाला आणि ट्रेमधल्या कपबश्या किणकिणल्या. केशवराव धर्मपालला कोपर मारून म्हणाले, "मध." धर्मपालने डोळे पुसत मान हलवली. अश्विनने फोन काढला आणि नवी गिटार नको म्हणून कळवलं.

मोर्शीला मांडव गच्च भरला होता. माझ्यासाठी टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, नेहमीप्रमाणेच. पण पहिल्या रांगेतली एक लहान मुलगी स्वतःच्या छातीवर हात ठेवून आईला म्हणाली, "आई, इथं वाजून राहिलं." मला तेवढं पुरलं. आणि वजन? ते खरंच आहे. त्याला इलाज नाही.

मित्रांनो, त्या लोकांनी माझ्यावर प्रेम केलं नाही असं मी कसं म्हणू? ते तर उतू जात होतं. पण तुमच्या घरातही अशी एखादी लाडकी वस्तू असेल, कदाचित माणूसही असेल, ज्याचं कौतुक सगळे करतात आणि खरखर कोणीच ऐकत नाही. त्याच्याकडे एकदा जवळ जाऊन बघा. मोर्शीच्या त्या संध्याकाळी पडदा वर जाण्याआधी ललिताताई नेहमीसारख्या कुंकवाचं बोट घेऊन आल्या, माझ्यापाशी थबकल्या, आणि कुंकवाआधी त्यांनी पदराने मला पुसलं.