रॉकेटात जाऊन आलेला कॉफीचा फिल्टर

मी एक जुना पितळी कॉफी-फिल्टर आहे, मित्रांनो, आणि मी रॉकेटात काम केलं आहे. हसू नका. मलाही तेव्हा हसू आलं नव्हतं.

कुंभकोणममध्ये माझ्या बुडाला बारीक भोकं पाडून मला कामाक्षीबाईंच्या घरी पाठवलं. वरून उकळतं पाणी ओतावं, खाली थेंब थेंब डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरावा, एवढंच माझं शिक्षण. घरात माझं फार कौतुक होई.

सत्तावन्न साली रशियानं आकाशात गोळा सोडला आणि कामाक्षीबाईंच्या मुलाचं, एकोजीचं, डोकं त्याच्यामागोमाग गेलं. तो इंजिनियरिंगला होता. रॉकेलवर चालणारं रॉकेटचं इंजिन करायचं त्यानं ठरवलं. रॉकेल बारीक फवाऱ्यानं प्राणवायूत मिसळावं लागतं, नाहीतर नीट जळत नाही. फवाऱ्याला भोकांची चकती हवी. त्यानं स्वयंपाकघरात पाहिलं. मी दिसलो.

जवळच्या इन्नंबूर गावच्या कापणी झालेल्या शेतात त्यानं मला नळीच्या तोंडाशी बसवलं आणि रॉकेल सोडलं. पण मला ठाऊक रीत एकच, थेंब थेंब. रॉकेटानं वर चढायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इंजिन खोकलं, बुजगावण्याचं धोतर पेटलं, प्रयोग संपला. एकोजीनं मला चिंचेनं घासून गुपचूप फळीवर ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या थोरल्या बहिणीला, सरस्वतीला, पाहायला तंजावरची मंडळी आली. अशा वेळी कॉफी मुलीनंच करायची. मुलगा तिच्या मनात भरला होता. तिनं मला पुन्हापुन्हा विसळलं त्यावरून मी ओळखलं. चिंचेचा वास तिला आला. त्याखालचा आला नाही.

मुलाच्या आईनं, गंगाबाईंनी, घोट घेतला.

"काय गे मुली, दिव्यात घालायची कॉफी आम्हांस दिलीस?"

"अय्यो! हात धुतला नाहीस काय गे?" कामाक्षीबाई ओरडल्या.

"धुतला, आई."

एकोजी दारात उभा राहून खांब निरखत होता. खांबात निरखण्यासारखं काही नव्हतं.

"कळवतो," म्हणून मंडळी उठली. अजून कळवताहेत.

पुढे एकोजीच्या इंजिनाच्या आराखड्याला कॉलेजात बक्षीस मिळालं. आराखडा चौकटीत बसून भिंतीवर चढला. सरस्वती त्यापुढे बराच वेळ उभी राहिली. मग तिनं माझं बूड चित्राशेजारी धरलं. भोकांच्या ओळी त्याच.

तिनं कॉफी केली. एकोजीपुढे ठेवली.

"पी रे. माझ्याच हातची आहे."

"अक्का..."

"हं, बोल."

बोलण्याऐवजी तो प्यायला. तळाशी थेंब ठेवला नाही.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू नेलीत तर धुऊन ठेवा, हे झालंच. पण ठेवून गप्प बसू नका. आजही कुणी माझ्या कॉफीला 'वा' म्हटलं की मला शरमेनं काळं व्हावंसं वाटतं. वास माझा होता, बोल तिला लागला. माझ्या अंगाला इतकी भोकं आहेत, त्यांतलं एकही तोंड नाही.

एकोजीला होतं. तुम्हालाही आहे.