मनकर्णाची कानस

मी कानस बोलतेय. लोखंड घासून घासून माझा आवाज कर्कश झालाय. गोड बोलणं माझ्याकडून होणार नाही.

शेवगावच्या एका वर्कशॉपमध्ये लोखंड कापणारं लेझर मशीन आलं, त्याच आठवड्यात मला हार्डवेअरच्या दुकानातून तिथं आणलं. मशीन बघायला माणसं यायची, फोटो काढायची. पण कापलेल्या पट्टीच्या खालच्या कडेला वितळलेल्या लोखंडाचे बारीक काटे राहतात, ते कोणी बघत नसे. ते काढायचे मी आणि मनकर्णानं.

मनकर्णा जामखेडकडची. अकरा हंगाम ऊस तोडून कंबर गेली, म्हणून इथं लागली. पुढं जाताना मला दाबायची, मागं येताना उचलायची. एकही काटा सोडायची नाही.

सुपरवायझर बिभीषणला हे बघवत नसे. "बाई, पट्टीला नवरीगत सजवायचंय का?" तो रोज टोचायचा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

परवा राजूरकडच्या एका शाळेच्या बाकांसाठी दोनशे पट्ट्या होत्या. निम्म्या झाल्या आणि बाकीच्या त्यानं तशाच रंगवायला नेल्या. रंगवून टेम्पोत भरल्या, तशी मनकर्णा मला हातात घेऊनच आडवी उभी राहिली.

"ह्या जायच्या न्हाईत. पोरांच्या मांड्या कापत्याल."

"सरक बाजूला. वर रंग लागलाय."

"मग कडंवरनं बोट फिरवा, सायब. माझ्याम्होरं फिरवा."

बिभीषणनं हात खिशात घातले.

टेम्पोवाले अजिनाथ खाली उतरले. त्यांनी एका पट्टीवरून अंगठा ओढला. रक्त आलं. ते त्यांनी बिभीषणच्या शर्टाला पुसलं आणि पट्ट्या उतरवायला लागले.

बिभीषण तिच्यावर ओरडला, "उद्यापासून येऊ नकोस! जा, ऊस तोड!"

"जाते. पन ह्या शंभर घासून जाते."

तिनं घासल्या. दिवस मावळेपर्यंत मान वर केली नाही. शेवटच्या पट्टीला माझे दाते पार बोथट झाले. ती पदराला हात पुसून निघाली, आणि बिभीषणनं मला भंगारात भिरकावलं.

तिच्या टेबलावर आता काटेरी पट्ट्यांचा ढीग साचलाय. मालक, तुम्ही इथं रोज येता, मशीनवरून हात फिरवता. माझं आयुष्य संपलं. मला खुशाल वितळवा. पण मनकर्णाला परत बोलवा, आणि बोलवायला बिभीषणलाच पाठवा.