मिकाचं बोंडलं

लिसिलाने गाठोडे पुन्हा सोडले. दुपटी होती, लोकरीची टोपी होती, मातीचा खुळखुळा होता. तान्ह्या मिकाला दूध पाजायचे बोंडले तेवढे नव्हते. कोनाडा चाचपून झाला, चुलीमागे हात घालून झाला. चोचीचा टवका उडालेले, मिकाच्या मुठींनी धरून धरून पोटावरचा काळा रंग फिका झालेले ते एवढेसे भांडे; जाऊन जाऊन जाणार कुठे?

"काय शोधते आहेस एवढं?"

दारात सिरामावशी उभी होती. गुरू एपिक्युरस हयात असताना ती त्यांच्या घरची दासी होती. आता गुरू जाऊन कितीतरी वर्षे झाली होती, आणि त्यांच्या शिष्यांच्या या बागेत ती सगळ्यांसारखीच एक मैत्रीण होती. स्वयंपाकघर मात्र तिने कुणाच्या हाती दिले नव्हते.

"काही नाही," लिसिला म्हणाली.

"मग मसूर निवडायला चल. आज विसावा दिवस. माणसं पानावर येऊन बसतील, तरी तुझं 'काही नाही' संपायचं नाही."

दर महिन्याच्या विसाव्या दिवशी गुरू आणि त्यांचा लाडका मित्र यांच्या आठवणीने सारी बाग एकत्र जेवत असे. अथेन्सच्या बाजारात त्यावरून त्यांना 'विशीवाले' म्हणून चिडवत. लिसिलालाही हा दिवस आवडायचा. आज मात्र जेवणे उरकली की तिचा भाऊ तिला मेगाराला, आईकडे घेऊन जाणार होता. परत कधी येणार, हे तिने नवऱ्याला सांगितले नव्हते. देमिआसने विचारलेही नव्हते.

उन्हाळ्याच्या तापात मिका गेली. दुसऱ्या दिवशी तिचा बाप नेहमीच्या वेळी उठला आणि गुरूंच्या ग्रंथाची नक्कल करायला बसला. लिसिला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुला काहीच होत नाही?"

"मेलेल्याला काही दुखत नसतं, लिसिला," तो बोरू न थांबवता म्हणाला. "गुरू सांगून गेलेत. तिला आता काही दुखत नाहीये."

"आणि मला?"

बोरू थोडा अडखळला, पुन्हा चालू लागला. त्यानंतर मिकाचे नाव त्या घरात कुणी घेतले नव्हते.

मसूर निवडता निवडता मावशी म्हणाली, "भाऊ येतोय म्हणे."

"हो."

"राहणार किती दिवस?"

लिसिलाने सुपातला खडा उचलून दूर भिरकावला. "इथे राहून तरी काय करू? तुमच्यात रडायला बंदी."

"कुणी सांगितलं तुला?" मावशीचा हात थांबला. "मित्राच्या नावानं डोळे पुसणाऱ्याला गुरूंनी कधी टोकलं नाही. अगं, शेवटच्या दिवशी दुखण्यानं जीव नकोसा झालेला, तरी पत्रात काय लिहिलं? गेलेल्या मित्राची पोरं सांभाळा."

"हे देमिआसला सांग."

"त्याला सांगायला गेले होते. त्याचं तोंड बघून तशीच परत आले."

इतक्यात फाटकापाशी खेचर खिंकाळले. लिसिलाचा भाऊ निकेरातोस वेळेआधीच आला होता.

"काय विशीवाले!" तो मोठ्याने म्हणाला. "गावात बोलतात, बागेत नुसती चैन चाललेली असते. मी पोट रिकामं ठेवून आलो, आणि इथे मसूर?"

"चीजसुद्धा आहे," मावशी म्हणाली. "पण बेतानं खा हो. चव लागली तर तूच इथे राहशील, आणि खेचर एकटं जाईल मेगाराला."

"जेवण नको मला. उन्हं उतरायच्या आत निघायचंय," तो लिसिलाकडे बघून म्हणाला, आणि खेचराजवळच थांबला.

अंजिराच्या झाडाखाली पाने मांडली गेली. वरच्या टोकाला दोन जागा रिकाम्या, त्यांच्यापुढे वाइनचे दोन पेले भरलेले. विशीचा रिवाज असा, की गेलेल्याची एखादी गोड आठवण ज्याने त्याने सांगायची आणि बाकीच्यांनी मनापासून हसायचे. ते हसणे हाच नैवेद्य.

देमिआस बागेत आला तो गुरू गेल्यानंतर, त्यामुळे त्याच्यापाशी स्वतःची आठवण नव्हती. तो दर वेळी एकच ऐकीव गोष्ट सांगे: गुरूंनी मित्राकडे चीजचे एक बुडकुले मागितले होते, तेवढ्यावरच आपली मेजवानी होईल म्हणून. कुठे हसायचे हे सगळ्यांना पाठ झाले होते. त्याची पाळी आली तशी माणसे आधीच गालात हसू लागली.

देमिआस उठला. अंगवस्त्राच्या घोळातून त्याने काहीतरी काढले आणि त्या दोन पेल्यांशेजारी हलकेच ठेवले.

टवका उडालेले बोंडले.

मसुराचे भांडे घेऊन येणारी लिसिला जागच्या जागी थांबली.

"पाचव्या दिवशी," तो म्हणाला. "पाचव्या दिवशी बापानं बाळाला घेऊन चुलीभोवती पळायचं असतं. मग ते बाळ घरचं होतं. पण ती... एवढीशी होती. पळताना हातातून निसटली तर? म्हणून मी आपला चालत..."

"चालत कसला! गोगलगाय तुझ्या पुढे गेली असती," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणाले. दोघेतिघे हसले.

"फेरी काही संपेना. आणि तिकडे चुलीवर..."

त्याची नजर बोंडल्यावर गेली. ओठ हलले, शब्द येईना. सगळे वाट पाहत राहिले. मग एकेकाने मान खाली घातली. पानावरची माशी हाकलायलाही कुणाचा हात उठला नाही.

"पेज करपली," लिसिला म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"जवाची पेज. अख्खं भांडं. ढवळायला जाणार कोण? हा वाटेतून बाजूला होईल तर ना! आणि मग म्हणतो कसा, वास छान सुटलाय."

आधी मावशी हसली, मग सगळे. त्या हसण्यात देमिआसने चेहरा ओंजळीत झाकून घेतला. त्याचे खांदे हलत होते. पलीकडच्या पंगतीला वाटले, तोही हसतो आहे.

लिसिलाने हातातले भांडे खाली ठेवले. चुलीपाशी जाऊन बकरीचे दूध आणले, बोंडल्यात ओतले, आणि टवक्याची बाजू आत करून ते पेल्यांच्या रांगेत नीट बसवले.

"लिसिला!" फाटकातून भावाने हाक मारली. "आटप. उन्हं उतरायला लागली."

"खेचराचं ओझं उतरव आणि त्याला पाणी दाखव," ती म्हणाली. "आणि हात धुऊन बस तूही. मसूर गार होतायत."

मग ती देमिआसपाशी आली.

"सरक जरा."